धाप लागेपर्यंत

आमच्या कॉलेजचं ग्रंथालय वरच्या मजल्यावर आहे, मी तिथली ग्रंथपाल. कुमुदताई चौधरी तिथं फारशा आल्याच नाहीत. जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून हाक मारायच्या, "सुनंदा, ते हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक आण गं खाली!" मी पुस्तक घेऊन उतरायची. आमचा शिपाई गालात हसायचा. "मॅडम सारी दुनिया को चलना-फिरना सिखाती हैं, और खुद जीना नहीं चढ़तीं," असं एकदा तो त्यांच्यासमोरच म्हणाला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. हलवाई कुठं मिठाई खातो?"

चढल्याच कधी, तर मधल्या वळणावर थांबायच्या आणि भिंतीवरची परीक्षेची सूचना वाचू लागायच्या. सूचना कधीचीच जुनी झालेली असायची. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर गेलेली असायची. ओठ हलायचे. मग एकदम मान वर करून, काही झालंच नाही असं दाखवत, पुढच्या पायऱ्या चढायच्या.

त्यांना जाऊन काही महिने झाले. दुपारी, घरी, खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. त्यांची भावजय, आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या तेव्हा मान एका बाजूला झुकलेली होती. आमच्या शनवारा भागातले लोक म्हणाले, भाग्याचं मरण. मला ते पटत नाही. जन्मभर त्या ज्याला भ्यायल्या, ते एका दुपारी पाऊल न वाजवता आलं, एवढंच मला कळतं.

कुमुदताई शिकवायच्या प्राणिशास्त्र. पण त्यांचा खरा विषय माणसाची हालचाल हा होता. कोण किती चालतं, किती बसतं, किती वजन उचलतं, आणि त्याचं हृदयाचं, श्वासाचं, रक्ताचं काय होतं. शहरातले पॉवरलूमवाले, गादीवर बसणारे व्यापारी, केळीचे ट्रक भरणारे हमाल, खकनारकडच्या शेतमजूर बाया अशा वेगवेगळ्या माणसांना त्या तोच प्रश्न विचारत हिंडायच्या. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं अवघड होतं. भाजी घेता घेता माझ्या कानाशी लागायच्या, "तो हमाल बघ. दिवसभर घड उचलतो, एवढा घाम गाळतो, तरी त्याचं ब्लडप्रेशर चढलेलं असणार. आणि तो पांढऱ्या बुटातला शेठ सकाळी घटकाभर फिरतो, त्याचं उतरतं. का?" मी म्हणायची, "ताई, कोथिंबीर घ्यायची आहे ना?" त्या म्हणायच्या, "शेठला थकला की थांबता येतं. हमालाला येत नाही. मला वाटतं, थांबता येण्यातच काहीतरी आहे."

त्या लग्न करून कुठं गेल्या नाहीत. घरात त्या, धाकट्या भावाची विधवा बायको आणि त्या भावाची मुलगी गौरी. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, त्यामुळे त्या घराची भीती मला फार लवकर कळली. त्यांचे वडील शेतात, पाटाचं पाणी दुसरीकडे फुटलं म्हणून धावले आणि बांधावरच पडले. भाऊ शाळेमागच्या मैदानावर संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळता खेळता पडला. तिशीतला, निरोगी माणूस. गौरी लहान होती, मैदानाच्या कडेला बसून बापाचा खेळ बघत होती. "आमच्या घरात माणसं पळताना मरतात," असं कुमुदताई अगदी साध्या आवाजात सांगायच्या.

मी एकदाच विचारलं, "ताई, मग तुम्ही एकदा तपासून का घेत नाही? तुम्हाला तर या सगळ्यातलं कळतं."

आम्ही त्यांच्या घरी वाल निवडत होतो. त्यांचा हात थांबला. आतल्या खोलीत गौरी पाठ करत होती, तिचा आवाज येत होता. कुमुदताई हळू बोलल्या, "मला कळतं म्हणूनच घेत नाही. माझ्यात निघालं म्हणजे ते रक्तातून आलंय हे नक्की झालं. मग हिलाही न्यावं लागेल. आज निदान अर्धी आशा आहे, सुनंदा. वडिलांचं वेगळं काही असेल, भावाचं वेगळं काही असेल. मशीनपुढं झोपले की ती अर्धी आशा गेली."

मी वाल निवडत राहिले.

गौरीला त्यांनी कधी पळू दिलं नाही. लहानपणी दोरीवरच्या उड्या नाहीत, गरब्यात कडेला टाळ्या वाजवायच्या, सहलीला गेली तर असीरगडाच्या पायथ्याशी थांबायचं. पोरगी मात्र बापावर गेलेली, लांब पायांची. कॉलेजात आली तेव्हा खेळाच्या सरांनी तिला चालताना बघूनच धावण्याच्या शर्यतीत नाव घातलं. कुमुदताईंना कळल्यावर त्या स्टाफरूममधून उठून गेल्या आणि नाव काढून आल्या. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होते, पण ते भांडण अर्ध्या गल्लीनं ऐकलं.

"आत्या, पूरी तहसील को दौड़ा रही हो आप! चलो, फिरो, पसीना निकालो. आणि घरात मला काय बाहुली करून ठेवलंय?"

"तुला सगळं आहे गौरी. एवढं एक नको मागू."

"एवढं एकच मागते ना मी! मेरे को कुछ हुआ क्या आज तक? कधी चक्कर आली? कधी छातीत दुखलं?"

"तुझ्या बापालाही आली नव्हती."

गौरीनं नवे घेतलेले बूट वहिनींच्या पलंगाखाली सारले. कुमुदताई स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसल्या. एवढा लसूण त्या घराला महिनाभर पुरला असता. वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा म्हणाल्या, "दोघींचं बी खरं आहे हो. मीच मधात मरून राह्यली."

गावोगावच्या बायांच्या श्रमाची पाहणी त्या करत होत्या, त्यात माझा भाग लहान होता. प्रश्नावली हिंदीत आलेली होती, ती गावच्या बोलीत करायची. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "व्यायाम हा शब्द काढून टाक." कारण बायांना विचारलं, व्यायाम करता का, तर सगळ्या तोंडाला पदर लावून हसायच्या. "आमाले कुठं टैम व्यायामाले, बाई!" आणि त्याच बाया पहाटेपासून पाणी, झाडझूड, शेत, सरपण, दळण करून उभ्या असायच्या. कागदावर मात्र त्या आळशी ठरायच्या. म्हणून आम्ही उठल्यापासूनचा दिवस विचारू लागलो. त्यात एक प्रश्न असा होता, धाप लागेपर्यंत कोणकोणतं काम करता? तुकईथडला एका बाईनं उत्तर दिलं, "धाप तं मले भाकर थापतांनी बी लागते, माय. चूल अशी धुपते का सासूचा चेहरा दिसत नाही. तेवढंच सुख!" कुमुदताई हसत सुटल्या. हसता हसता एकदम थांबल्या, बोटं मनगटावर गेली, आणि मग पुन्हा, थोड्या जपून, हसल्या.

ती बाई म्हणजे मंगला. तिची सासू धुरपताबाई शेजारीच बसली होती आणि हसत नव्हती.

प्रश्नांनंतर पायरीची परीक्षा असायची. सुताराकडून करून घेतलेली एक भक्कम लाकडी पायरी, आणि मोबाइलवर टकटक वाजणारा ठेका. त्या ठेक्यावर चढायचं, उतरायचं. मग नाडी किती वाढली, किती वेळात खाली आली ते बघायचं. त्याआधी बोटाला सुई टोचून साखर तपासायची, म्हणून बायांना निरोप असायचा की सकाळी काही न खाता या. सुई झाली की प्रत्येकीला केळं आणि लिंबूपाणी द्यायचं, जरा बसवायचं, आणि मग पायरी. हा क्रम कुमुदताईंनी कधी मोडला नाही. स्वतःच्या हातानं केळी वाटायच्या.

चैत्रातली गोष्ट. तुकईथडच्या शाळेत त्या दिवशी परीक्षा होती, म्हणून सरपंचांनी मारुतीच्या देवळाचा सभामंडप दिला. सकाळीच उकडत होतं. बाया आल्या त्या न्हाऊन, धुतलेली लुगडी नेसून, चपला खाली काढून. पायरीवर चढायच्या आधी एकेकीनं वाकून तिला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मला ते गोड वाटलं. कुमुदताईही हसल्या. आमच्या दोघींच्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही.

देवळात बोलावलंय, आणि उपाशी यायला सांगितलंय. त्या बायांच्या हिशेबात या दोन गोष्टींचा एकच अर्थ होता. त्यांनी आदल्या दिवशीपासून निर्जळ उपास धरला होता. पाण्याचा थेंब नाही. आम्ही दिलेली केळी त्यांनी पदराला बांधली, देवळातून मिळालेली वस्तू घरी नेऊन पोरांना द्यायची म्हणून. लिंबूपाण्याचे पेले खांबाच्या मागं ओळीनं ठेवून दिले. सगळं आटोपल्यावर, घरी जाऊन, देवापुढं दिवा लावून उपास सोडायचा, असं ठरलेलं. आम्हाला सांगायचं काही कारण त्यांना वाटलं नाही. उपास काय सांगून करतात?

मंगला पायरीवर चढली. थोडा वेळ छान चालली होती, चेष्टाही करत होती. मग ठेका चुकला. कुमुदताई म्हणाल्या, "थांब मंगला, खाली ये," आणि मंगला खाली आलीच, पण आडवी. तिच्या पदराची गाठ सुटली आणि केळं फरशीवर घसरत जाऊन खांबाला लागलं.

मी कुमुदताईंकडे बघितलं. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा बघितला नाही. तोंड उघडं, डोळे मंगलावर, पण त्या मंगलाला बघत नव्हत्या. मग त्या गुडघ्यावर बसल्या आणि तिच्या मानेला बोटं लावली. पुन्हा लावली. जागा बदलून लावली. "लागत नाहीये," त्या म्हणाल्या. "सुनंदा, लागत नाहीये गं. माझेच ठोके लागताहेत बोटाला. तिचे कुठले, माझे कुठले, कळत नाहीये."

आमचे ड्रायव्हर रफीकभाई धावत आले. त्यांनी मंगलाचे पाय उचलून पोत्यावर ठेवले आणि तोंडावर पाणी मारलं. मंगलानं डोळे उघडले. ओठांवरून जीभ फिरवली, आणि लगेच तोंड घट्ट मिटून घेतलं. उपास मोडेल म्हणून.

"पाणी पी!" धुरपताबाई ओरडली. "पी वं, देव पाह्यते का आता! कालपासून निरंकार हाय पोरगी."

तेव्हा आम्हाला कळलं.

मंगलाला खकनारच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, संध्याकाळी ती घरी चालत गेली. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं पाणी कमी झालं, बाकी काही नाही. पण मी परतीच्या रस्त्यावर कुमुदताईंचे हात बघत होते. मांडीवर उपडे ठेवलेले, थंड पडलेले. शनवाऱ्यात उतरताना रफीकभाई म्हणाले, "मॅडम, बच गई ना लड़की. अब काहे को इतना सोचना?" त्या म्हणाल्या, "रफीकभाई, ती पडली तेव्हा मी तिथं नव्हतेच. मी मैदानावर होते." रफीकभाईंना काही समजलं नाही. मला समजलं.

गावात बातमी गेली ती वेगळी. मॅडमच्या पायरीवर जीव जातो. पुढच्या गावात कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या गावात दोन म्हाताऱ्या आल्या, पायरीकडे लांबून बघितलं आणि गेल्या. वर्षानुवर्षांचं काम तिथंच बसणार असं दिसू लागलं. कुमुदताईंना त्याचं दुःख होतं. पण मला वाटतं, थोडं बरंही वाटत होतं. त्या म्हणायच्या, "नकोच गं पुन्हा ती पायरी. ठेवून देऊ माळ्यावर." आणि पुन्हा थोड्या वेळानं, "पण त्या बायांचं कुणी मोजलंच नाही, सुनंदा. मोजलं ते शहरातल्यांचं, परदेशातल्यांचं. औषधं, सल्ले, सगळं त्यांच्या मापानं."

शेवटी आम्ही तुकईथडलाच परत गेलो, धुरपताबाईच्या अंगणात. गल्लीतल्या पाच-पंचवीस बाया जमल्या. कुमुदताईंनी माफी मागितली, चूक कुठं झाली ते समजावून सांगितलं, आता जेवून या, पाणी पिऊन या, म्हणाल्या. मग धुरपताबाई बोलली.

"एक इचारू का मॅडम? तुमी कदी चढल्या का त्याच्यावर?"

"मी? मी परीक्षा घेणारी."

"ते तं दिसतेच. पन चढल्या का?"

"माझं वय झालं आता, मावशी."

"मंग मी काय काल पाळण्यातून उतरली?" बाया हसल्या. धुरपताबाई हसली नाही. "माही सून पडली. तुमी आमाले म्हनता भ्याचं नाही. तुमी भेता का नाही, ते एकडाव पाहू द्या आमाले."

मी कुमुदताईंचा दंड धरला. मी सहसा कुणाला असं धरत नाही. हळूच म्हटलं, "ताई, नाही. सांगून टाका त्यांना, हृदयाचं दुखणं आहे म्हणून."

"आहे की नाही तेच मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "काय सांगू?"

त्यांनी चपला काढल्या, पदर कमरेला खोचला, आणि मोबाइल माझ्या हातात दिला. ठेका सुरू करायला माझं बोट उठेना. धुरपताबाईच्या अंगणात एक शेळी बांधलेली होती. ती तेवढी ओरडत होती. कुमुदताईंनी मान हलवली आणि मी ठेका सुरू केला.

त्या चढल्या, उतरल्या, चढल्या. पहिल्यांदा डोळे मिटलेले होते. मग उघडले. चेहऱ्यावर घाम आला, केसांची बट कपाळाला चिकटली. पन्नाशीच्या पुढची, जन्मभर जिने टाळलेली बाई. बाया आता कुजबुजत होत्या, "बरी चढते वं", "पाय कसे टाकते पाह्य". मी फक्त त्यांच्या ओठांचा रंग बघत होते. प्रत्येक टक्क झालं की वाटायचं, हाच. आता हाच. संपलं तेव्हा कुमुदताई खाटेवर बसल्या आणि धापेतून म्हणाल्या, "बघा. जिवंत आहे."

धुरपताबाईनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, त्यांच्या हातात दिला, आणि मंगलाकडे वळून म्हणाली, "ऊठ. जाय तू बी. आन आधी पाणी पी." त्या दुपारपर्यंत सगळ्या बाया चढल्या. खुद्द धुरपताबाईसुद्धा, नातवाचा खांदा धरून.

गाडीत बसल्यावर कुमुदताईंनी हात माझ्यापुढं केला. "लाव बोटं."

मी लावली. मला यातलं काही कळत नाही. ठोका, ठोका, ठोका, आणि मग काहीच नाही. रस्त्यावरचा खड्डा आला म्हणून चुकलं असेल वाटलं. रफीकभाईंना गाडी थांबवायला सांगितली. पुन्हा तेच. ठोका, ठोका, आणि मग पायाखालची पायरी नसावी तशी पोकळी.

"पायरीवर असल्यापासून आहे," त्या म्हणाल्या. खिडकीबाहेर केळीच्या बागा होत्या. तिकडे बघतच त्या म्हणाल्या, "गौरीला न्यावं लागेल गं आता."

इंदूरला मी बरोबर गेले. आधी कुमुदताईंची तपासणी झाली. डॉक्टरांनी हृदयाचं चित्र दाखवलं, तेव्हा त्यांनी समजावून सांगायच्या आधीच कुमुदताईंनी बोट ठेवलं, "ही भिंत जाड आहे." डॉक्टर म्हणाले, "हो. रक्तातूनच आलेलं असणार. घराण्यात कुणी अचानक गेलंय का?" कुमुदताई म्हणाल्या, "दोघं." एवढंच. यापुढं जिने नाहीत, वजन नाही, घाई नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. नंतर एखादं यंत्र बसवायचा विचार करू, असंही ते म्हणाले. कुमुदताई मान हलवत होत्या, पण ऐकत नव्हत्या. त्यांचं लक्ष दाराकडे होतं. बाहेर बाकावर गौरी कानात वायर घालून गाणी ऐकत बसली होती.

मग गौरीला आत नेलं आणि आम्ही बाहेर. मी पुस्तक नेलं होतं, ते मांडीवर उघडं पडलं होतं. कुमुदताई बसल्याच नाहीत. दाराला लागून उभ्या राहिल्या. मधेच आतून आवाज आला, मशीनमधून येणारा हृदयाचा, दगडावर कुणी कपडे आपटतंय तसा, सपाक, सपाक. त्यांनी कपाळ दाराला टेकवलं. एक बाई त्यांना म्हणाली, "बहनजी, ज़रा हटिए," त्यांना ऐकू गेलं नाही. मी जवळ गेले तर त्या पुटपुटत होत्या, "एकसारखा आहे. एकसारखाच आहे ना गं? मला आता काही सांगता येत नाही. तू ऐक." मी ऐकलं. मला फक्त त्यांचीच भीती ऐकू येत होती.

गौरी बाहेर आली ती ओढणीनं गळा पुसत. "आत्या, वो जेल कितना ठंडा था! बर्फ लावलं जसं." मग तिनं आत्याचा चेहरा बघितला. तिच्या मागून डॉक्टर आले. "बच्ची का दिल बिल्कुल ठीक है. अभी तो कुछ नहीं है."

"अभी?" कुमुदताई म्हणाल्या.

"कुछ लोगों में बाद में आता है, आप तो जानती हैं. बीच-बीच में देखते रहेंगे."

"और दौड़ना?"

डॉक्टरांनी गौरीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "रोकने की कोई वजह तो मुझे दिखती नहीं."

परतताना गौरी खिडकीला डोकं टेकून झोपली. कुमुदताई जाग्या होत्या. मध्येच मला म्हणाल्या, "मला वाटायचं, चांगलं निघालं तर भीती जाईल. जात नाही बघ. नुसती जागा बदलते." आणि थोड्या वेळानं, "आत्ता ठीक आहे, म्हणाले ना? आत्ता?" "हो ताई." "मग झालं."

त्यानंतर त्या बऱ्याच दिवस सांभाळून राहिल्या. उरलेली गावं मी, गौरी आणि रफीकभाईंनी केली. कुमुदताई घरी बसून आलेले आकडे लिहून घ्यायच्या, आणि फोनवर ओरडायच्या, "पाणी प्यायल्या का सगळ्या? डोळ्यांनी बघितलंस का पिताना?" मग एके दिवशी, अगदी रोजचं काही सांगावं तशा, त्या मला म्हणाल्या, "उद्या सकाळी मैदानावर ये. तिला मी हो म्हटलंय."

कॉलेजच्या मैदानावर अजून ऊन यायचं होतं. खेळाचे सर दुसऱ्या टोकाला मुलांना रांगेत उभं करत होते. गौरी बुटाच्या नाड्या बांधत होती. कुमुदताई शाल घेऊन कठड्यापाशी उभ्या होत्या. गौरी म्हणाली, "आत्या, फक्त दोन चक्कर. पक्का." कुमुदताई म्हणाल्या, "जा." आणि ती धावू लागताच त्यांनी मैदानाकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"बोल गं, सुनंदा. कुठं आहे?"

"निंबाच्या झाडापाशी."

"पाय?"

"नीट पडताहेत."

"तोंडानं श्वास घेते आहे?"

"हो."

"घेऊ दे. घ्यायलाच पाहिजे. आता?"

"वळणावर आली. आता दिसत नाही, सर मध्ये आहेत."

"दिसत नाही म्हणजे?"

"दिसली, दिसली ताई. पळते आहे."

"बोलत राहा. थांबू नको."

मी बोलत राहिले. कुठल्या झाडापाशी, कुठल्या कोपऱ्यात, वेणी कशी उडते आहे. पहिली फेरी संपली. आमच्या समोरून जाताना गौरीची पावलं अगदी जवळून ऐकू आली, धप्प धप्प, आणि मोठा श्वास. कुमुदताईंची पाठ ताठ झाली. मग त्या वळल्या. दोन्ही हातांनी त्यांनी लोखंडी कठडा धरला. मीही तोच धरला होता. समोर गौरी दुसऱ्या फेरीला लागली होती. दमली होती, खांदे कानांपर्यंत चढले होते, चेहरा लालबुंद.

कुमुदताईंनी डोळे मिटले नाहीत. त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता "थांब" म्हणणार. खरं तर तेच म्हणायला उघडलं होतं, हे मला अजूनही खात्रीनं वाटतं.

"खांदे!" त्या ओरडल्या. "खांदे ढिले सोड गं, गौरी! ढिले!"

मैदानाच्या त्या टोकाला गौरीनं खांदे सोडले, हात झटकले, आणि ती वळणावर गेली.